हिवाळ्याचा शिधा : छोट्या तपकिरी वटवाघळाचे प्रकरण

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या उत्तर भागात, सुपीरियर सरोवराच्या बाजूला, तांब्याच्या आणि लोखंडाच्या जुन्या खाणी आहेत. खनिज काढणे थांबले, माणसे निघून गेली, बोगदे उरले. दर शरदात वटवाघळे, त्यांत छोटी तपकिरी वटवाघळेही, या बोगद्यांत शीतनिद्रेसाठी उतरतात. २०१४ साली मिशिगनमध्ये वटवाघळांना मारणारा बुरशीजन्य रोग पोहोचल्याची खात्री झाली आणि पुढच्या काही हिवाळ्यांत तिथल्या वसाहती ढासळल्या. जी वटवाघळे उरली त्यांच्यासाठी वटवाघूळ-संशोधक विनिफ्रेड फ्रिक, टीना चेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग मांडला. हिवाळी मुक्कामांच्या आसपास रात्री अतिनील दिवे लावायचे. दिव्यांवर किडे जमतील, आणि लांब झोपेआधी वटवाघळांना थोडक्या श्रमात भरपूर खायला मिळेल.

रोग बुरशीचा आणि उपाय जेवणाचा, हे प्रथम ऐकताना विचित्र वाटते. बुरशी मारायची सोडून किडे का गोळा करायचे? या प्रश्नाचे उत्तर एका प्रयोगात नाही. त्यामागे पंधरा वर्षांहून अधिक काळ चाललेले, एकमेकींच्या आकड्यांवर उभे राहिलेले काम आहे. त्यात पुरुष संशोधकही बरोबरीने आहेत. पण या प्रकरणाचा जवळजवळ प्रत्येक निर्णायक टप्पा पाहिला, तर शोधनिबंधावर पहिले नाव बाईचे दिसते. माझ्या मते या सगळ्यांनी मिळून केलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी प्रश्नच बदलला. ‘बुरशी कशी संपवायची’ इथून त्या ‘जी वाचली ती कशामुळे वाचली’ इथे आल्या.

रोगाची ओळख

फेब्रुवारी २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात, ऑल्बनी शहराच्या पश्चिमेला असलेल्या एका गुहेत, नाकावर पांढरी बुरशी असलेल्या वटवाघळांचा फोटो काढला गेला. या रोगाची तीच पहिली नोंद. पुढच्या वर्षी त्याच भागातल्या गुहांत मेलेल्या वटवाघळांचे खच सापडू लागले. भर हिवाळ्यात, भर दिवसा, बर्फावरून वटवाघळे उडताना दिसत होती. बाहेर एक किडा नसताना ती अन्न शोधत होती. रोगाला ‘व्हाइट-नोज सिंड्रोम’ हे नाव पडले, कारण डोळ्यांना दिसणारी खूण तेवढी एकच होती.

ती खूण फसवी होती. वटवाघूळ गुहेतून बाहेर आणले की नाकावरचा पांढरा थर पुसला जाई, आणि प्रयोगशाळेच्या टेबलावर येई ते एक हडकुळे, पण वरून फारसे काही न दिसणारे शरीर. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन इथल्या राष्ट्रीय वन्यजीव आरोग्य केंद्रात पशुविकृतितज्ज्ञ कॅरोल मेटेयर यांच्याकडे ही शरीरे येत होती. त्यांनी नाकाऐवजी पंखाकडे लक्ष दिले. पंखाच्या पातळ पडद्याचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर बुरशीचे तंतू कातडीत खोल उतरलेले आणि जागोजागी वाटीच्या आकाराच्या जखमांत दाटलेले दिसले. त्याभोवती सूज मात्र नव्हती. एरवी एवढ्या संसर्गात पांढऱ्या पेशी धावून येतात. इथे शरीराने जणू दखलच घेतली नव्हती. शीतनिद्रेत वटवाघळाची प्रतिकारशक्तीही मंदावलेली असते, आणि ही बुरशी नेमकी त्याच काळात वाढते. मेटेयर आणि सहकाऱ्यांनी २००९ साली या रोगाच्या निदानाचे सूक्ष्मदर्शकी निकष लिहून काढले. त्यानंतर ‘हे वटवाघूळ याच रोगाने मेले’ असे खात्रीने म्हणता येऊ लागले. साथीच्या रोगात निदानाचा निकष ठरणे ही किती पायाभूत गोष्ट आहे हे लोकांच्या लवकर लक्षात येत नाही. त्याशिवाय नकाशा काढता येत नाही, रोग कुठे आहे आणि कुठे नाही हे सांगता येत नाही.

त्याच वर्षी बुरशीतज्ज्ञ अँड्रिया गार्गस यांनी सहकाऱ्यांसह या बुरशीचे नवी जाती म्हणून वर्णन केले. तिचे बीजाणू वाकडे, एका बाजूला कललेले असतात. आधी तिला जिओमायसीस या प्रजातीत ठेवले होते. २०१३ पासून ती स्यूडोजिम्नोअ‍ॅस्कस डिस्ट्रक्टन्स म्हणून ओळखली जाते. तिला थंडी मानवते. मिशेल व्हेरंट यांनी वेगवेगळ्या तापमानांत ती वाढवून पाहिली, तेव्हा साधारण १२ ते १६ अंश सेल्सिअसला ती सर्वांत जोमाने वाढली आणि २० अंशांच्या आसपास वाढ थांबली. जागे, उडणारे, उबदार शरीराचे वटवाघूळ तिच्यासाठी फार गरम. गारठ्यात निजलेले वटवाघूळ मात्र तिला अगदी सोयीचे.

२०११ साली जेफ्री लॉर्च यांच्या प्रयोगाने या बुरशीमुळेच रोग होतो हे सिद्ध झाले. पण युरोपातल्या वटवाघळांवर हीच बुरशी सापडत होती आणि तिथे ती सामूहिक मृत्यू घडवत नव्हती. मग अमेरिकेतली बुरशी जास्त घातक झाली होती का? लिसा वार्नेके यांनी कॅनडातल्या विनिपेग विद्यापीठातल्या चमूबरोबर छोट्या तपकिरी वटवाघळांना दोन्ही खंडांतल्या बुरशीची लागण करून पाहिली. दोन्ही बुरशींनी वटवाघळे आजारी पडली. म्हणजे फरक बुरशीत नव्हता. युरोपातल्या वटवाघळांनी या बुरशीबरोबर फार मोठा काळ काढला आहे. अमेरिकेतल्यांची तिच्याशी गाठच पडली नव्हती. ती बाहेरून आली होती. २०२५ साली निकोला फिशर आणि सहकाऱ्यांनी हजारो नमुन्यांच्या जनुकीय अभ्यासातून तिचे मूळ युक्रेनमधल्या पोडिलिया भागापर्यंत नेऊन पोहोचवले. जगातल्या सर्वांत लांब जिप्सम गुहा याच भागात आहेत आणि गुहा धुंडाळणारे लोक दूरदूरहून तिथे जातात. वटवाघळे अटलांटिक ओलांडून ये-जा करत नाहीत. बुरशी कुणाच्या तरी बुटांवर किंवा दोरावर बसून आली असावी, हाच त्यातल्या त्यात पटणारा मार्ग आहे.

बुरशी मारते ती उपासमारीने

छोटे तपकिरी वटवाघूळ उन्हाळ्यात सात-आठ ग्रॅमचे असते. शरदात ते अधाशासारखे खाते आणि अंगावर चरबी चढवते. सहा-सात महिन्यांच्या हिवाळ्याचा सगळा शिधा म्हणजे ही एक-दोन ग्रॅम चरबी. शीतनिद्रेत त्याच्या शरीराचे तापमान गुहेच्या तापमानाजवळ उतरते, हृदयाचे ठोके मिनिटाला काहीशेंवरून मोजक्या संख्येवर येतात, आणि शिधा जेमतेम झिजतो.

पण ही झोप सलग नसते. दर दोन-तीन आठवड्यांनी वटवाघूळ जागे होते, अंग तापवते, काही वेळ तसेच राहते आणि पुन्हा निजते. हिवाळ्यात खर्च होणाऱ्या चरबीचा फार मोठा हिस्सा या थोड्या तासांच्या जागेपणात जळतो. त्यामुळे जाग किती वेळा येते यावर वसंतापर्यंत टिकायचे की नाही हे ठरते. पेनसिल्व्हेनियातल्या बकनेल विद्यापीठाच्या डीॲन रीडर यांनी वटवाघळांच्या अंगावर बारीक तापमापक यंत्रे बसवून ती किती वेळा जागी होतात याची नोंद ठेवली. ज्यांना संसर्ग जास्त, ती जास्त वेळा जागी होत होती, आणि जी जास्त वेळा जागी होत होती ती लवकर मरत होती. वार्नेके यांच्या प्रयोगातही लागण झालेल्या वटवाघळांची जाग तीन ते चार पटींनी वाढलेली दिसली.

ती का जागी होतात? व्हेरंट यांच्या २०१४ च्या अभ्यासाने याची साखळी बरीच उलगडली. पंखावर मोठी जखम दिसण्याच्या आधीच लागण झालेली वटवाघळे निरोगी वटवाघळांच्या दुप्पट ऊर्जा वापरत होती. त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत होता, रक्ताची आम्लता वाढत होती, क्षारांचा तोल बिघडत होता. पंखाचा पडदा फक्त उडण्यासाठी नसतो. पाणी, क्षार आणि वायू यांची देवाणघेवाणही त्यातून होते. तो पोखरला की झोपलेले शरीर आतून बिघडते, बिघाड सावरायला जागे होते, आणि जागे होताना शिधा जाळते. जानेवारी-फेब्रुवारीत चरबी संपते. बाहेर बर्फ असतो.

आणखी एक क्रूर गोष्ट मेटेयर यांनी २०१२ साली मांडली. जी वटवाघळे कशीबशी वसंतापर्यंत टिकतात, त्यांची प्रतिकारशक्ती जाग आल्यावर एकदम परत येते आणि बुरशीने भरलेल्या पंखांवर तुटून पडते. त्या हल्ल्यातच पंखांच्या चिंध्या होतात. म्हणजे हिवाळा संपला म्हणून धोका संपत नाही.

मोजणीमुळे कळले

२०१० साली फ्रिक यांनी सहकाऱ्यांसह ‘सायन्स’ या नियतकालिकात जे प्रसिद्ध केले, ते वाचून मला अजूनही अस्वस्थ व्हायला होते. ईशान्य अमेरिकेतल्या २२ हिवाळी मुक्कामांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. रोग आल्यानंतर वसाहती वर्षाला ३० ते ९९ टक्क्यांनी घटत होत्या; सरासरी घट ७३ टक्के होती. हीच गती राहिली, तर छोटे तपकिरी वटवाघूळ त्या प्रदेशातून १६ वर्षांत नाहीसे होण्याची शक्यता ९९ टक्के, असा त्यांचा हिशेब होता. हे वटवाघूळ दुर्मीळ नव्हते. उत्तर अमेरिकेत ते सर्वांत जास्त आढळणाऱ्या वटवाघळांपैकी एक होते, घरांच्या माळ्यांवर आणि गोठ्यांत राहणारे, सगळ्यांच्या ओळखीचे. सर्वसामान्य जाती अशा वेगाने संपू शकतात ही कल्पना संवर्धनाच्या क्षेत्रातही कुणाच्या मनात पटकन येत नव्हती.

हा हिशेब करता आला तो तीस वर्षांच्या जुन्या मोजण्यांमुळे. राज्यांच्या वन्यजीव विभागांतली माणसे आणि स्वयंसेवक हिवाळ्यात गुहांत उतरून, भिंतीवर लटकलेली वटवाघळे मोजून, वहीत आकडे लिहीत आले होते. त्या कामाला तेव्हा कुणी महत्त्व दिले नव्हते. पण त्या वह्या नसत्या तर ‘बरीच वटवाघळे मेली’ यापलीकडे काही म्हणता आले नसते. नंतर चेंग यांनी याच प्रकारच्या नोंदी २७ राज्ये आणि कॅनडाचे दोन प्रांत इथून एकत्र आणल्या. २०२१ साली आलेल्या त्या अभ्यासात उत्तरी लांबकानी, छोटे तपकिरी आणि तिरंगी या तीन जातींतली ९० टक्क्यांहून जास्त वटवाघळे दहा वर्षांच्या आत मेल्याचे दिसले. उत्तरी लांबकानी वटवाघळाला अमेरिकेने २०२२ साली संकटग्रस्त म्हणून जाहीर केले, त्यामागे असे आकडे होते. कॅनडाने या तिन्ही जातींना २०१४ सालीच तसा दर्जा दिला होता.

वटवाघळे गेली की शेतावर परिणाम होतो, हेही आकड्यांत आले आहे. किडे खाऊन ती अमेरिकी शेतीचे वर्षाला किमान ३.७ अब्ज डॉलर वाचवतात, असा २०११ चा एक अंदाज आहे. मला वाटते, या युक्तिवादाची गरज धोरण ठरवणाऱ्यांना जास्त असते. वटवाघूळ वाचवावे एवढे पुरेसे कारण ते स्वतः आहे.

उरलेल्यांकडे पाहणे

आता या प्रकरणाचा गाभा. २०१० नंतरच्या काही वर्षांत पूर्वेकडच्या काही गुहांत घट मंदावली. वसाहती पूर्वीच्या काही टक्क्यांवर आल्या, पण शून्यावर गेल्या नाहीत. बुरशी त्याच भिंतींवर होती. मग उरलेली वटवाघळे का मरत नव्हती?

केट लँगविग यांनी या प्रश्नावर सर्वांत सातत्याने काम केले. सध्या त्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात आहेत. २०१२ साली त्यांनी दाखवले की रोगाचा तडाखा प्रत्येक जातीला आणि प्रत्येक जागेला सारखा नसतो. कोरड्या, थंड मुक्कामांत घट कमी. दमट, उबदार मुक्कामांत जास्त. छोटी तपकिरी वटवाघळे, जी पूर्वी दाटीने एकमेकांना चिकटून झोपत, ती रोगानंतर जास्त संख्येने एकेकटी झोपू लागली होती. २०१५ साली त्यांनी संसर्गाचे ऋतुचक्र मांडले. उन्हाळ्यात वटवाघळांवर बुरशी जवळजवळ नसते, कारण त्यांचे शरीर गरम असते. शरदात ती मुक्कामी परततात तेव्हा भिंतींवर टिकून राहिलेल्या बुरशीने पुन्हा लागण होते, आणि हिवाळाभर ती चढत जाते. उपाय कोणताही असो, तो वर्षात केव्हा करायचा हे या अभ्यासावरून ठरते. या सगळ्या साखळीत लँगविग यांचे हे ऋतुचक्र मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण पुढच्या प्रत्येकीने ते वापरले आहे.

चेंग यांनी दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. बुरशी उपाशी मारत असेल, तर जी टिकली ती आधीच जास्त खाऊन आलेली असावीत का? रोग येण्यापूर्वी ज्या मुक्कामांत वटवाघळांची चरबी मोजलेली होती, तिथे टिकून राहिलेल्या वसाहतींत त्यांनी पुन्हा मोजमाप केले. २०१९ साली आलेल्या या अभ्यासात बहुतेक ठिकाणी हिवाळ्याच्या सुरुवातीला वटवाघळे पूर्वीपेक्षा जाड निघाली. गणिती प्रतिकृतीने हिशेब केला, तेव्हा एवढी जास्त चरबी रोगाचे मृत्यू ५८ ते ७० टक्क्यांनी कमी करू शकते असे दिसले. बुरशी तीच, गुहा तीच, जागे होण्याचा त्रासही होताच. पण शिधा जास्त होता म्हणून वसंत गाठता आला.

यातून उपायाची दिशा मिळाली आणि एक अवघड प्रश्नही उभा राहिला. जाड वटवाघळे आधीपासून जाड राहणारी होती म्हणून निवड होऊन उरली, की उरलेल्यांना आता स्पर्धा कमी म्हणून अन्न जास्त मिळते? पहिले खरे असेल, तर तो गुण पिढ्यांमधून पसरेल आणि आपण त्याला वेळ मिळवून द्यायचा. दुसरे खरे असेल, तर संख्या वाढताच फायदा कमी होईल. दोन्ही थोडेथोडे खरे असू शकते. मला या कामात हे आवडते की उत्तर पूर्ण मिळेपर्यंत हातावर हात ठेवून न बसता, दोन्ही परिस्थितींत उपयोगी पडेल असा उपाय त्यांनी निवडला: मुक्कामाजवळ खाद्य वाढवणे.

दिवे

वर्षातले दोन काळ महत्त्वाचे. एक शरद, जेव्हा वटवाघळे मुक्कामाच्या तोंडाशी गोळा होतात, मीलन करतात आणि वजन वाढवतात. दुसरा वसंत, जेव्हा ती फाटक्या पंखांनी, चरबी संपलेल्या अवस्थेत बाहेर येतात. वसंतातली मादी विशेष नाजूक स्थितीत असते. शरदात झालेल्या मीलनातले शुक्रजंतू तिने हिवाळाभर शरीरात जपलेले असतात, गर्भधारणा वसंतात होते, आणि तिला पंख बरे करायचे, उन्हाळी वसाहतीपर्यंत उडायचे आणि पिल्लू वाढवायचे असते. वर्षाला एकच पिल्लू. त्यामुळे एक मादी वाचली काय किंवा मेली काय, याचा हिशेब पुढच्या अनेक वर्षांवर पडतो. ही वटवाघळे तीस वर्षांहून जास्त जगल्याच्या नोंदी आहेत.

फ्रिक, चेंग, इव्हॉन झाल, क्रिस्टिन जोनासन, अमांडा अ‍ॅडम्स आणि इतरांनी हिवाळी मुक्कामांजवळ दिव्यांचे पट्टे मांडले. वटवाघूळ खरोखर खाते आहे की नुसते घिरट्या घालते, हे त्याच्या आवाजावरून कळते. किडा हाताशी आला की वटवाघळाच्या हाका इतक्या जलद होतात की त्यांची सलग भुणभुण बनते. माणसाला ऐकू न येणारे असे श्राव्यातीत ध्वनी टिपणाऱ्या यंत्रांनी ती भुणभुण मोजली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिवे लावलेल्या ठिकाणी वटवाघळांचे खाणे वाढलेले दिसले.

इथपर्यंत चांगले. पण हे सिद्ध झाले ते एवढेच की वटवाघळे तिथे येऊन खातात. त्यामुळे त्यांचा हिवाळ्यातला मृत्यू घटतो का, हे दाखवायला त्याच वटवाघळांना शरदात आणि पुन्हा वसंतात गाठावे लागते, आणि ते वर्षानुवर्षांचे काम आहे. शिवाय दिवे कायमचे ठेवण्यासारखे नाहीत. ते किड्यांवर ताण आणतात, शिकारी पक्षी-प्राण्यांना आमंत्रण देऊ शकतात, आणि दुर्गम खाणीत वर्षानुवर्षे वीज पुरवणे सोपे नाही. मी दिव्यांकडे उपाय म्हणून पाहत नाही. ते एक प्रश्न विचारण्याचे साधन आहे: खाद्य मुक्कामाच्या जवळ असले तर वटवाघळे ते घेतात का? उत्तर ‘हो’ आले, तर पुढची पायरी म्हणजे खाणींच्या आसपासची पाणथळ जागा, गवताळ मोकळी जमीन आणि स्थानिक झाडे राखणे. तिथे किडे दिव्याशिवाय होतात. वन्यजीव विभागांना हे पटवून देणे दिवे लावण्यापेक्षा अवघड आहे, पण करण्यासारखे तेच आहे.

याच मिशिगन-विस्कॉन्सिनच्या मुक्कामांतून एक उलटी, चिंता वाढवणारी गोष्टही समोर आली. स्कायलर हॉपकिन्स यांनी लँगविग आणि इतरांबरोबर २०२१ साली दाखवले की बरीच वटवाघळे हिवाळ्यासाठी अजूनही उबदार कोपरे निवडतात, जिथे बुरशी वेगाने वाढते आणि जगण्याची शक्यता कमी असते. रोग येण्याआधी त्या कोपऱ्यांनी त्यांना साथ दिली; आता तेच घातक झाले आहेत. म्हणून खाद्य वाढवतानाच हेही पाहावे लागते की ते कोणत्या खाणीशेजारी वाढवतो. उबदार खाणीजवळ दिवे लावून आपण वटवाघळांना वाईट मुक्कामाकडे तर ओढत नाही ना, हा प्रश्न मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत गंभीर वाटतो.

इतर दोन वाटा

टोनी रॉकी यांनी मॅडिसनमध्ये लसीची वाट धरली. प्रेरी कुत्र्यांना (हे खरे कुत्रे नव्हेत, बिळांत राहणारे खारीच्या कुळातले प्राणी) प्लेगपासून वाचवण्यासाठी आमिषातून द्यायची लस त्यांनी आधी विकसित केली होती. जंगली प्राण्याला सुई न टोचता लस कशी द्यायची याचा अनुभव त्यांच्याकडे होता. रॅकून या प्राण्यात आढळणाऱ्या देवीच्या कुळातल्या विषाणूवर बुरशीची प्रथिने बसवून केलेल्या लसीने छोट्या तपकिरी वटवाघळांत प्रतिकार जागा होतो, हे २०१९ साली त्यांच्या चमूने दाखवले. मोठ्या प्रमाणावर रानात ती कशी द्यायची, हा त्याचा अवघड भाग आहे.

पश्चिमेकडे परिस्थितीच वेगळी आहे. मार्च २०१६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात सिअ‍ॅटलच्या पूर्वेला, त्या वेळच्या सर्वांत जवळच्या ज्ञात ठिकाणापासून सुमारे २,१०० किलोमीटरवर, एक आजारी वटवाघूळ सापडले. मधला सगळा प्रदेश ओलांडून बुरशी तिथे पोहोचली होती. पश्चिमेची वटवाघळे मोठ्या गुहांत हजारोंनी जमत नाहीत. ती खडकांच्या भेगांत विखुरलेली राहतात, आणि ती कुठे हिवाळा काढतात हे बहुतांशी माहीतच नसते. जिथे मुक्काम सापडत नाही तिथे हिवाळ्यात उपचार कसा करणार? म्हणून कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ नाओवरात चीप्थम आणि वटवाघूळ-तज्ज्ञ कोरी लॉसेन यांनी उन्हाळ्याची बाजू धरली. स्थानिक वटवाघळांच्याच पंखांवर राहणाऱ्या, बुरशीची वाढ रोखणाऱ्या जिवाणूंचे मिश्रण त्यांनी बनवले आणि उन्हाळ्यातल्या निवाऱ्यांच्या पेट्यांत भुकटीच्या रूपात टाकायला सुरुवात केली. वटवाघळे ते पंखांवर घेऊन हिवाळ्यात जातील, ही कल्पना. लँगविग यांचे ऋतुचक्र इथे उलट्या बाजूने वापरले गेले: बुरशी नसलेल्या महिन्यांत संरक्षण चढवायचे.

जिथे शिधा पुरत नाही

छोट्या तपकिरी वटवाघळाबद्दल आज थोडी आशा आहे. २०१० चा १६ वर्षांचा हिशेब त्या प्रदेशात पूर्णपणे खरा ठरलेला नाही. वसाहती लहान आहेत, पण काही ठिकाणी टिकून आहेत. तो इशारा चुकला असे कुणी म्हणत असेल तर मी सहमत नाही. ‘हीच गती राहिली तर’ अशी अट त्यात स्पष्ट होती, आणि गती बदलली.

उत्तरी लांबकानी वटवाघळाचे तसे नाही. पूर्वेच्या बहुतेक जुन्या मुक्कामांत ते मोजणीत शून्यावर गेले, आणि उरलेल्यांना जाड करण्याचा उपाय जिथे उरलेलेच नाहीत तिथे चालत नाही. ते अजून दिसते ते मुख्यतः अटलांटिक किनाऱ्यावर, लाँग आयलंड, मार्थाज व्हिनयार्ड, नँटकेट अशा बेटांवर, जिथे हिवाळा तुलनेने सौम्य असतो आणि वटवाघळे मोठ्या गुहांऐवजी विखुरलेल्या छोट्या जागांत, घरांखालच्या पोकळ्यांतही हिवाळा काढतात. तिथे बुरशी कमी आहे म्हणून ती वाचतात, की हिवाळा कमी लांबीचा आहे म्हणून शिधा पुरतो, की दोन्ही, यावर आता काम चालू आहे. त्यासाठी पुन्हा तेच करावे लागते आहे: वटवाघूळ पकडायचे, तोलायचे, पंख प्रकाशात धरून पाहायचे, खूण लावून सोडायचे, आणि पुढच्या वसंतात ते परत येते का ते पाहायचे.